पुसलेली पाटी आणि न पुसलेली तबकडी

नागपूरच्या विमानतळावरून वर्धा मार्गानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत मिहानचा परिसर लागतो. मालवाहतूक व विमानतळ यांचें एक मोठें केंद्र विदर्भांत उभारावें या हेतूनें महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ सालीं स्थापन झाली, आणि खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगांव इत्यादि गांवांच्या शिवारांत हळूहळू एक नवें नगर उभें राहूं लागलें. आज तेथें संगणकाचें काम करणाऱ्या कंपन्यांच्या इमारती आहेत, विमानदुरुस्तीचा कारखाना आहे. आणि २०२२ या एकाच वर्षीं राष्ट्रपतींच्या हस्तें आयआयएमच्या वास्तूचें व पंतप्रधानांच्या हस्तें एम्सचें उद्घाटन तेथें झालें. ज्या शिवाराची सारी हकीकत पूर्वीं तलाठ्याच्या दप्तरांत, दोन-चार रुमालांत बांधून ठेवतां येत असे, त्याच शिवारांत आज एकेका मेजावरील संगणक संबंध तालुक्याच्या दप्तराहून अधिक मजकूर पोटांत बाळगून बसलेला आहे.

मिहानचा मोठा भाग 'विशेष आर्थिक क्षेत्र' म्हणून राखलेला आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणें या क्षेत्रांतून देशांतील बाजारांत येणारा माल जणूं परदेशांतून आला असें मानून त्यावर सीमाशुल्क आकारलें जातें. एखादें जुनें यंत्र कुंपणाबाहेर काढावयाचें झालें तरी त्याचे कागद करावे लागतात. पण त्या कागदांचा संबंध यंत्राशीं व त्याच्या किंमतीशीं असतो. यंत्राच्या पोटांतील तबकडीवर काय लिहिलेलें आहे याच्याशीं नसतो. तें पाहण्याचें काम यंत्राच्या धन्याचें. मोठ्या कचेऱ्यांतून त्यासाठीं नेमलेलीं माणसें असतात. सामान्य गृहस्थाच्या घराला मात्र असें फाटक नाहीं, कागद नाहींत आणि नेमलेला माणूसहि नाहीं. म्हणून जुना संगणक विकतांना काय पुसावें, कसें पुसावें आणि पुसलें असें केव्हां समजावें, हें ज्याचें त्यानेंच जाणून घेणें प्राप्त आहे.

समजा, मिहानमध्यें नोकरीस असलेल्या एका मुलीच्या वडिलांनीं घरांतील दहा वर्षांपूर्वींचा संगणक विकावयाचें ठरविलें. यंत्र धडधाकट होतें. पण त्यावरील विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत तें बसेना. सीताबर्डीवरील एका दुकानदारानें चार हजार रुपये देऊं केले. वडिलांनीं सारे फोल्डर निवडले, डिलीटची कळ दाबली, रिसायकल बिन रिकामी केली आणि ते निश्चिंत झाले.

"बाबा, तुम्हीं नांवें खोडलींत. मजकूर तसाच आहे," असें मुलीनें म्हटलें तेव्हां त्यांना तें खरें वाटेना. पडद्यावर तर कांहींच दिसत नव्हतें.

त्या तबकडीवर होतें तरी काय? घरांतील चौघांच्या आधार व पॅन पत्रांच्या प्रती, आयकराचीं विवरणपत्रें, बँकेचे उतारे, घराचें खरेदीखत, मुलीच्या गुणपत्रिका, आजीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, लग्नमुंजींचे फोटो, आणि ब्राउझरनें स्मरणांत ठेवलेले कित्येक पासवर्ड. एवढ्या सामुग्रीवर एखादा भामटा त्या घराच्या नांवानें कर्ज काढूं शकेल, बँकेचा अधिकारी बनून फोन करूं शकेल, आणि आजीच्या आजाराचें नांव घेऊन तिचा विश्वासहि संपादूं शकेल. चार हजारांच्या सौद्यांत एवढा ऐवज फुकट जाणार होता.

मुलीचें म्हणणें कसें खरें, हें समजण्यास हार्ड डिस्कची रचना थोडी पाहिली पाहिजे. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली, तेव्हां ती दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांची होती आणि तिच्यांत सुमारें ५० लाख रोमन अक्षरें मावत. आज तळहातावर मावणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्यें एक लाख कोटी अक्षरें मावतात. म्हणजे पहिलीच्या दोन लक्ष पट. हिच्या आंत चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. त्यांच्यावरून एक सूक्ष्म लेखणी केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनहि कमी अंतरावर तरंगत जाते आणि लेपावरील अतिसूक्ष्म जागा या किंवा त्या दिशेनें चुंबकित करिते. हेंच लेखन. वाचावयाचें तेंहि अशाच लेखणीनें.

आतां एवढ्या अफाट पृष्ठभागावर एखादें पत्र नेमकें कोठें आहे हें यंत्रास कसें कळावें? त्यासाठीं डिस्कच्या एका भागांत अनुक्रमणिका ठेवलेली असते. अमक्या नांवाची फाइल, तिचा मजकूर अमक्या अमक्या घरांत, अशी तींत नोंद असते. मोठ्या ग्रंथालयांत ग्रंथांची यादी असते तशीच ही यादी. डिलीटची कळ दाबल्यावर फाइल प्रथम रिसायकल बिनमध्यें जाते. ती रिकामी केली म्हणजे यंत्र फक्त यादींतील नोंदीवर 'ही जागा मोकळी' असा शेरा मारतें. ग्रंथ फळीवरून हलत नाहीं. पुढें कधीं त्या जागेवर दुसरा ग्रंथ ठेवण्याची वेळ आली तरच जुना बाहेर पडतो. न आली तर तो वर्षानुवर्षें तेथेंच राहतो. यादी बाजूस ठेवून जो फळीफळी धुंडाळील त्याला तो सहज सांपडतो. असें धुंडाळणारीं साधनें फुकट मिळतात आणि तीं चालविण्यास फारशी विद्या लागत नाहीं.

'क्विक फॉरमॅट' नांवाची क्रिया याहून निराळी नाहीं. तींत जुनी यादी टाकून देऊन कोरी यादी मांडली जाते. फळ्यांवरचे ग्रंथ मात्र जागच्या जागीं राहतात. पडद्यावर डिस्क रिकामी दिसते, कारण पडदा यादी दाखवितो, फळ्या दाखवीत नाहीं. शाळेंतील पाटीवर ओला बोळा फिरविला कीं अक्षर जातें. दिसणें आणि असणें यांत तेथें अंतर नसतें. तबकडीच्या बाबतींत हें अंतर पडतें, आणि शहाण्या माणसांची फसगत होते ती याच जागीं.

ही केवळ कल्पनेंतील भीति नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील सिमसन गारफिंकेल व अभी शेलत या दोन विद्यार्थ्यांनीं जुन्या बाजारांतून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चालूं स्थितींतील १२९ डिस्कांपैकीं नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांतून पांच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक, खाजगी पत्रें व रोग्यांची माहिती त्यांच्या हातीं आली. एक डिस्क तर पैसे देणाऱ्या एटीएम यंत्रांतून निघालेली दिसत होती. त्यानंतर जग सावध झालें असेंहि नाहीं. मॉर्गन स्टॅन्ले या बड्या अमेरिकन पेढीच्या विभागानें जुनीं यंत्रें काढून टाकण्याचें काम ज्यांच्याकडे सोंपविलें त्या सामान वाहून नेणाऱ्या मंडळींना माहिती पुसण्याचा अनुभव नव्हता. कांहीं यंत्रें लिलावांत विकलीं गेलीं व ग्राहकांची माहिती त्यांत तशीच राहिली. २०२२ सालीं तेथील रोखेबाजाराच्या नियामकानें या प्रकरणीं साडेतीन कोटी डॉलरांचा दंड ठोठावला.

टाकाऊ कागदांचें मोल मराठी माणसास नव्यानें सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या घराण्यांचीं दप्तरें शोधीत गांवोगांव हिंडले, आणि त्यांतून निघालेल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ सालीं छापला गेला. माळ्यावर धूळ खात पडलेल्या कागदांतून त्यांनीं पानिपतच्या काळाचा इतिहास उभा केला. मालकाला जें निरुपयोगी वाटतें तें वाचणारा जाणता भेटला म्हणजे बोलूं लागतें. फरक एवढाच कीं, जुन्या संगणकाची तबकडी वाचणारा राजवाडे असेलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं.

तेव्हां उपाय काय? पहिला उपाय पुसण्याचा नव्हे, जतन करण्याचा. पुसलेलें परत यावयाचें नाहीं हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतु असल्यामुळें, जें हवें तें आधीं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलें पाहिजे. शक्य तर दोन प्रती कराव्या आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. व्यापारी घरांत टॅलीवर हिशेब असतील तर त्याचा परवाना त्या यंत्रावरून रीतसर परत करावा, म्हणजे तो नव्या यंत्रावर घेतां येतो. ईमेल व इतर खात्यांतून बाहेर पडावें. आणि मग जतन केलेल्या प्रतीची डिस्क यंत्रापासून काढून कपाटांत ठेवावी. कारण पुसण्याच्या ओघांत भलतीच डिस्क पुसली गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

यानंतर डिस्क कोणत्या जातीची आहे तें ओळखावें. फिरत्या तबकडीची असेल तर नियम सोपा आहे: सबंध पृष्ठभागावर, पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, नवें कांहींतरी लिहून काढावयाचें. बहुधा शून्येंच लिहितात. जुन्या लेखावर नवा लेख पडला म्हणजे जुना उरत नाहीं. असें किती वेळां लिहावें यावर पुष्कळ वाद झाला. न्यूझीलंडचे पीटर गुटमन यांनीं १९९६ सालीं ३५ वेळां लिहिण्याची एक रीति मांडली होती. पण ती त्या काळच्या नाना तऱ्हांच्या डिस्कांना मिळून होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें २०१४ सालीं सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनाप्रमाणें आजच्या चुंबकीय डिस्कला सामान्यतः एकच आवर्तन पुरतें. म्हणजे ३५ वेळां लिहिण्यांत रात्री घालविण्याचें कारण नाहीं. एकदां, पण सर्वत्र, लिहिलें पाहिजे.

विंडोज १० मध्यें याची सोय आंतच केलेली आहे. सेटिंग्जमधील रिकव्हरी या सदरांत 'रीसेट धिस पीसी' निवडावें, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणावें आणि पुढें 'चेंज सेटिंग्ज' मध्यें जाऊन 'क्लीन डेटा' चालूं करावें. हें शेवटचें पाऊल पुष्कळजण गाळतात आणि मग केवळ यादी बदलून काम संपतें. दुसरी चूक याहून सर्रास होते. आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडण्याची रीत आहे; प्रणाली सी भागांत आणि घरचे कागद डी भागांत. रीसेट करतांना सर्व भाग पुसावे असें स्पष्ट न सांगितल्यास सी स्वच्छ होतो व डी जसाच्या तसा नव्या मालकाच्या हातीं पडतो.

ज्यास अधिक पक्की रीति हवी त्यानें विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह करून घ्यावा. त्यास ८ गिगाबाइटची जागा पुरते. त्यावरून यंत्र सुरू करून 'डिस्कपार्ट' या साधनांत डिस्क निवडावी आणि 'क्लीन ऑल' ही आज्ञा द्यावी, म्हणजे प्रत्येक घरांत शून्य लिहिलें जातें. यांतील 'ऑल' हा शब्द विसरूं नये. नुसतें 'क्लीन' म्हटलें तर डिस्कच्या विभागांची मांडणी तेवढी जाते व मजकूर शाबूत राहतो. वेळाचा हिशेबहि करून ठेवावा. सेकंदास १०० मेगाबाइट या वेगानें एक टेराबाइट लिहावयास दहा हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास लागतात. एवढी मोठी डिस्क दोन मिनिटांत पुसून झाली असें पडदा सांगूं लागला तर ती पुसलेली नाहीं एवढें निश्चित समजावें.

एसएसडी या दुसऱ्या जातीच्या डिस्कची तऱ्हा वेगळी आहे. तिच्यांत फिरतें कांहीं नसतें. चिपमधील सूक्ष्म कोठड्यांत विद्युत्भार सांठवून लेखन होतें. या कोठड्या लिहून लिहून झिजतात, म्हणून आंतील नियंत्रक एकाच जागीं पुनः पुनः लिहीत नाहीं. नवा मजकूर दुसऱ्या कोठडीत टाकतो आणि जुनी कोठडी मागाहून रिकामी करतो. शिवाय कांहीं कोठड्या राखीव असतात, त्या बाहेरून दिसतच नाहींत. म्हणून तबकडीसाठीं केलेला वर लिहिण्याचा उपाय येथें पुरा पडत नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनीं २०११ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. येथें डिस्क बनविणाऱ्या कंपनीचें स्वतःचें साधन वापरावें, किंवा संगणकाच्या बायोसमध्यें 'सिक्युअर इरेज' असेल तर तें वापरावें. तें नियंत्रकासच सर्व कोठड्या रित्या करण्याची आज्ञा देतें. याहून सोयीचा उपाय म्हणजे डिस्क वापरास घेतल्या दिवसापासून बिटलॉकरसारख्या सोयीनें सारा मजकूर सांकेतिक लिपींत ठेवणें. मग विकतेवेळीं त्या लिपीची किल्ली तेवढी नष्ट केली कीं उरलेला मजकूर कोणासहि न वाचतां येणारी अक्षरांची रास होऊन बसतो. नव्या संगणकासाठीं ही गोष्ट आजच करून ठेवण्यासारखी आहे.

डिस्क बिघडलेली असेल, सुरूच होत नसेल, तर ती पुसतां येत नाहीं. पण जाणता कारागीर ती वाचूं शकतो. अशी डिस्क विकूं नये. घरांतील लोहचुंबक तिच्यावर घासून कांहीं साधत नाहीं, आणि एसएसडीवर तर चुंबकाचा परिणामच होत नाहीं. ती यंत्रांतून काढून घ्यावी आणि तबकड्यांना ड्रिलनें आरपार भोंकें पाडावीं. लॅपटॉपमधील तबकड्या बहुधा कांचेच्या असून त्यांचे तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर जाड चष्मा असावा. एसएसडी असेल तर प्रत्येक चिपचा चुरा झाला पाहिजे. उरलेला सांगाडा भंगारवाल्यास न देतां १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें नोंदलेल्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावा.

पुसून झाल्यावर यंत्र ओसाड ठेवूनहि चालत नाहीं. ज्यावर प्रणालीच नाहीं असा संगणक दुकानदार पडेल भावांत घेतो. त्याच पेनड्राइव्हवरून विंडोज पुनः बसवावी. विंडोज १० च्या यंत्रांत परवाना बहुधा यंत्राच्या मुख्य फलकाशीं जोडलेला असतो, म्हणून इंटरनेट जोडतांच तो आपोआप ओळखला जातो. विंडोज ११ न पेलणाऱ्या यंत्रावर उबंटूसारखी फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसविली तर गरजू विद्यार्थ्यास तें यंत्र पुढें कित्येक वर्षें सुरक्षितपणें वापरतां येईल. प्रणाली बसवून झाल्यावर जेथें ती नव्या मालकाचें नांव विचारते तेथेंच थांबून यंत्र बंद करावें. तत्पूर्वीं फोटोरेक नांवाचें फुकट साधन डिस्कवर चालवून पाहावें. त्यास प्रणालीचीं स्वतःचीं चित्रें तेवढीं मिळालीं आणि घरचा एकहि कागद मिळाला नाहीं, तर पुसण्याची परीक्षा उत्तीर्ण झाली.

या विषयाला कायद्याचीहि बाजू आहे. खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें दिला. त्या नवांत नागपूरचे सुपुत्र न्यायमूर्ति शरद बोबडे हेहि होते. त्यानंतर २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले असून तो टप्प्याटप्प्यानें अंमलांत येत आहे. कामापुरती घेतलेली लोकांची माहिती काम संपल्यावर पुसली पाहिजे असें तो संस्थांना बजावतो, आणि तिच्या रक्षणांत हयगय झाल्यास अडीचशें कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. म्हणून डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, शिकवणी वर्ग चालविणारे यांच्या जुन्या संगणकांत दुसऱ्यांचे कागद असतात हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें. केवळ घरगुती वापराच्या माहितीला मात्र हा कायदा लागू नाहीं. आपल्या आजीच्या औषधाच्या चिठ्ठीचें रक्षण आपणच केलें पाहिजे.

वर सांगितलेल्या घरांत त्या रात्रीं बापलेकींनीं मिळून प्रती उतरविल्या, त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्या, आणि जेवणें आटोपल्यावर पुसण्याचें काम सुरू करून दिलें. सकाळीं प्रणाली पुनः बसली. दुसऱ्या दिवशीं सीताबर्डीच्या दुकानांत संगणक सुरू झाला तेव्हां पडद्यावर फक्त एक कोरी चौकट होती, आणि ती नव्या धन्याचें नांव विचारीत होती. दुकानदारानें ठरल्याप्रमाणें चार हजार रुपये मोजून दिले. जें विकावयाचें ठरलें होतें, तेवढेंच विकलें गेलें.